बापलेकीने बांधलेला रेडिओ

विजेची उपकरणे घरच्या घरी बांधण्याचा छंद आपल्याकडे दीर्घकाळ मुलग्यांचा मानला गेला, आणि त्याचे कारण विद्युतशास्त्रात शोधून सापडणार नाही, ते घरातील कामांच्या वाटणीत सापडते. फ्यूज उडाला, इस्त्रीची वायर तुटली किंवा मिक्सर बंद पडला की वडील पेचकस आणि पक्कड घेऊन बसतात, आणि मुलीला हाक मारली जाते ती बहुधा बॅटरी धरण्यासाठी. झोत कुठे पाडायचा हे वडील सांगतात, तो हलला की मुलीला बोलणी बसतात, आणि काम संपल्यावर तिने सगळे पाहिलेले असूनही तिच्या हाताला काहीच कळलेले नसते, कारण तारेचा ताठरपणा, आटे गेलेल्या स्क्रूची घसरण किंवा वितळलेल्या कथिलाचे पसरणे या गोष्टी डोळ्यांनी शिकता येत नाहीत. पालक आणि मुलगी हा छंद मिळून जोपासू लागतात तेव्हा पहिला बदल याच ठिकाणी घडावा लागतो: बॅटरी वडिलांनी धरावी आणि सोल्डरिंगचे हत्यार मुलीच्या हाती असावे. ही अदलाबदल होत नसेल तर छंद वडिलांचाच राहतो आणि मुलगी त्यात प्रेक्षक म्हणून वाढते.

बांधणे हा शब्द येथे नेमक्या अर्थाने घ्यायला हवा. तयार संचातील ठोकळे एकमेकांत बसवणे किंवा बिघडलेला चार्जर दुरुस्त करणे उपयोगाचे असले तरी ते बांधणे नव्हे; बांधणे म्हणजे सर्किटची आकृती वाचून, तिच्यातील प्रत्येक चिन्हाच्या जागी खरा भाग मिळवून किंवा तयार करून, ते भाग तारांनी जोडून, अखेरीस त्या जोडणीकडून अपेक्षित काम करून घेणे. याची सुरुवात बाजारातच होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत सुटे भाग अगदी नगावर मिळतात, आणि तेथील काउंटरवर उभे राहून मुलीने स्वतः 'एक के'चे दहा रेझिस्टर मागणे हा शिक्षणाचाच भाग असतो. रेझिस्टर, म्हणजे विद्युतप्रवाहाला ठराविक रोध करणारा भाग, तांदळाच्या दाण्याहून थोडासा मोठा असल्याने त्यावर आकडा छापण्याऐवजी रंगीत पट्टे दिलेले असतात; तपकिरी म्हणजे १, काळा म्हणजे ० आणि तिसऱ्या जागी लाल म्हणजे पुढे आणखी दोन शून्ये, अशा रीतीने तपकिरी, काळा, लाल हे तीन पट्टे १००० ओहम सांगतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला ही लिपी दोन संध्याकाळींत येते, आणि चष्मा शोधणाऱ्या वडिलांच्या आधी ती पट्टे वाचू लागते.

पहिले उपकरण म्हणून क्रिस्टल रेडिओची निवड सर्वांत योग्य ठरते. त्याला बॅटरी लागत नाही, घरातील वीज लागत नाही, आणि त्याचे सगळे भाग लाकडी फळीवर उघडे मांडलेले असल्याने कोणते काम कुठे घडते हे बोट ठेवून दाखवता येते. एरियल म्हणून उंचावर ताणलेली लांब तार, जमिनीशी केलेली अर्थची जोडणी, तारेचे एक वेटोळे म्हणजे कॉइल, फिरवून कमीजास्त करता येणारा कंडेन्सर, ज्याला दुकानदार 'गँग' म्हणतात, एक डायोड आणि एक इअरफोन, एवढाच त्याचा संसार असतो. कानात येणारा आवाज ज्या ऊर्जेवर उमटतो ती सगळी ऊर्जा दूरच्या प्रक्षेपकाने आकाशात सोडलेली असते. घरातून तिच्यात कशाचीही भर पडत नाही. त्यामुळे हा रेडिओ केंद्राच्या शक्तीनुसार काही मैलांपर्यंतच भरवशाने बोलतो, पण बोलतो तेव्हा ज्याने तो बांधला त्याला वीज नावाच्या अदृश्य गोष्टीचा जो पुरावा मिळतो तो पाठ्यपुस्तकातील आकृतीतून मिळणे कठीण आहे.

हव्या त्या केंद्राची निवड कशी होते, हा या उपकरणाचा गाभा आहे. पुणे आकाशवाणीची मध्यम लहरींवरील ओळख ७९२ किलोहर्ट्झ ही आहे, म्हणजे तिच्या लहरी सेकंदाला ७ लाख ९२ हजार आंदोलने करतात आणि लागोपाठच्या दोन लहरींच्या माथ्यांमधील अंतर सुमारे ३७९ मीटर भरते. एरियलच्या तारेवर अशा अनेक केंद्रांच्या लहरी एकाच वेळी आदळतात आणि प्रत्येक लहर तारेत अतिसूक्ष्म प्रवाह निर्माण करते. कॉइल आणि कंडेन्सर यांच्या जोडीची तुलना वाड्यातील झोपाळ्याशी करता येईल. झोपाळ्याला त्याची स्वतःची लय असते, त्या लयीला धरून हलके हलके रेटे दिले तर तो मोठे झोके घेतो, आणि लय चुकवून दिलेले रेटे वाया जातात. कंडेन्सर विद्युतभार साठवतो, तो कॉइलमधून मोकळा होताना कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते, ते क्षेत्र ओसरताना कंडेन्सर उलट दिशेने पुन्हा भरतो, आणि ऊर्जेची ही ये-जा एका ठराविक लयीत चालते. बाहेरून येणाऱ्या लहरीची लय या लयीशी जुळली की आंदोलने वाढत जातात. यालाच अनुस्पंदन म्हणतात. कॉइलचे प्रेरकत्व, म्हणजे प्रवाहातील बदलाला अडवण्याचा तिचा गुण, आणि कंडेन्सरची धारिता, म्हणजे भार साठवण्याची त्याची क्षमता, या दोहोंचा गुणाकार चौपट केला तर लय निम्म्यावर येते. प्रेरकत्व २०० मायक्रोहेन्री असेल तर ७९२ किलोहर्ट्झसाठी सुमारे २०० पिकोफॅरड धारिता लागते, मुंबईच्या १०४४ किलोहर्ट्झसाठी ती ११६ च्या आसपास उतरते, तर ५५८ किलोहर्ट्झसाठी ४०० च्या थोडी वर जाते. वर्गमूळ काढता येणाऱ्या मुलीला हे गणित कागदावर करून मग गँगचे बटन किती फिरवावे लागेल याचा अंदाज बांधता येतो, आणि अंदाज खरा ठरला तर त्या वर्गमूळाला प्रथमच काहीतरी अर्थ प्राप्त होतो.

कॉइल विकत मिळू शकते, पण ती विकत घेऊ नये. नळकामाच्या दुकानातील ६३ मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणि २६ गेजची एनॅमल चढवलेली तांब्याची तार एवढ्या सामानावर ती घरी होते. साधारण ५५ वेढे एकाला एक चिकटून बसवले की प्रेरकत्व २०० मायक्रोहेन्रीच्या किंचित वर येते आणि त्यासाठी सुमारे ११ मीटर तार लागते. हे काम दोघांचे आहे, कारण एकाने पाइप सावकाश फिरवत राहायचा आणि दुसऱ्याने तार सतत ताणून धरायची असते. ताण सुटला तर आधीचे वीस वेढे स्प्रिंगसारखे उसळून मोकळे होतात. तार धरणाऱ्या बोटाला तिचा किंचित चटका बसू लागतो, मोजणी मोठ्याने चाललेली असते, आणि चाळिसाव्या वेढ्याच्या सुमारास स्वयंपाकघरातून कुणी काही विचारले की आकडा हमखास चुकतो. म्हणून अनुभवी माणसे दर दहा वेढ्यांनंतर तारेचा छोटा पीळ बाहेर काढून ठेवतात, ज्याला 'टॅप' म्हणतात. मोजणी सावरणे हा त्याचा एक उपयोग झाला. दुसरा असा की एरियल आणि डायोड कोणत्या टॅपला जोडले असता आवाज स्वच्छ येतो हे पुढे प्रयोगाने ठरवता येते.

अनुस्पंदनाने केंद्र निवडले गेले तरी कान अजून बहिरेच असतात. सेकंदाला लाखो वेळा हलणाऱ्या प्रवाहाबरोबर इअरफोनचा पडदा हलू शकत नाही, आणि त्या आंदोलनांची वरची व खालची बाजू सारखीच असल्याने त्यांची सरासरी शून्य येते. निवेदकाचा आवाज या आंदोलनांच्या आयामात, म्हणजे त्यांच्या उंचीच्या चढउतारात, लपलेला असतो. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे खालची बाजू कापली जाते, उरलेल्या बाजूची सरासरी आवाजाच्या चढउताराप्रमाणे वरखाली होऊ लागते आणि पडदा तिच्याबरोबर हलतो. येथे डायोड जर्मेनियमचाच हवा, कारण तो साधारण ०.२ ते ०.३ व्होल्टवर वाहू लागतो, तर सर्वत्र मिळणाऱ्या सिलिकॉनच्या डायोडला ०.६ व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि एरियलमधून येणारा क्षीण दाब तिथवर पोहोचतच नाही. पूर्वी डायोडच्या जागी खनिजाचा खडा आणि त्यावर टेकवलेली बारीक तार असे, आणि क्रिस्टल रेडिओ हे नाव त्या खड्यावरून पडले. गॅलेना, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे चकचकीत खनिज, विद्युतलहरी ओळखण्यासाठी वापरण्याचे अमेरिकी पेटंट कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधील प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांच्या नावावर आहे. त्याचा अर्ज १९०१ मध्ये दाखल झाला आणि पेटंट १९०४ मध्ये मिळाले. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले त्या काळात असे खड्याचे रेडिओ ऐकण्याचे स्वस्त साधन होते. इअरफोनही क्रिस्टल जातीचा, म्हणजे फार मोठा रोध असलेला, निवडावा लागतो. मोबाइलचा ३२ ओहमचा इअरफोन थेट जोडला तर तो एवढ्याशा ऊर्जेवर हलतच नाही.

पहिल्या जोडणीत रेडिओ बहुतेक वेळा मुका राहतो, आणि या छंदातील सर्वांत मोलाचा काळ नेमका तेव्हा सुरू होतो. दोष शोधण्याची पद्धत ठरलेली असते. मल्टिमीटर हे मापन-उपकरण 'कंटिन्युइटी'वर ठेवून, म्हणजे मार्ग अखंड असेल तर शिट्टी वाजेल अशा स्थितीत आणून, सर्किटचा एकेक दुवा क्रमाने तपासायचा आणि शिट्टी जिथे थांबते तिथे थांबायचे. अनेकदा दोष कॉइलच्या टोकाशी सापडतो. एनॅमलची तार तांब्यासारखीच दिसते, पण तिच्यावर विद्युतरोधक लेप असतो, आणि तो पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय जोडलेली तार दिसायला जोडलेली आणि प्रत्यक्षात तुटलेली असते. वडिलांनी घाईने टोक नीट खरवडले नसेल आणि मुलीने ते मीटर लावून दाखवले असेल, तर तिथे वयाचा मान उपयोगी पडत नाही, शिट्टीच खरी मानावी लागते. पालकाने आपली चूक मुलीसमोर निमूटपणे मान्य करण्याचे प्रसंग एरवी घरात किती येतात हे प्रत्येकाने आठवून पाहावे. या टेबलावर ते आठवड्याला येतात, आणि त्यातून मुलीला आपल्या मोजमापावर विसंबण्याचे जे धैर्य मिळते ते शाबासकीने मिळत नाही.

त्यानंतरचा संशयित म्हणजे कोरडा डाग. कथिल आणि शिसे यांचा ६०:४० प्रमाणातील सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागतो आणि १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो. नवशिक्या हाताची ओढ सोल्डर हत्याराच्या टोकावर वितळवून तो थेंब जोडावर टाकण्याकडे असते, पण जोड थंड असल्याने थेंब तेथे नुसता बसतो आणि धातूला चिकटत नाही. योग्य रीत अशी की तापलेले टोक दोन्ही तारांना एकदम टेकवावे, मनात दोन-तीन अंक मोजावेत आणि मग सोल्डर जोडाला लावावा; त्याच्या पोटातील राळ सुरसुरते, पांढुरका धूर निघतो आणि कथिल पाण्यासारखे पसरते. निवलेला चांगला डाग चकचकीत आणि कडांकडे उतरता दिसतो, कोरडा डाग निस्तेज गोळीसारखा. जर्मेनियमचा डायोड उष्णतेला नाजूक असल्याने त्याच्या पायाला डाग देताना दुसऱ्या व्यक्तीने डाग आणि डायोड यांच्या मध्ये चिमटा धरावा, म्हणजे उष्णता चिमट्यात उतरते. मुलीच्या हाती हत्यार आणि वडिलांच्या हाती चिमटा, अशी ही बैठक असते.

धोक्याची मर्यादाही याच टेबलावर शिकवली पाहिजे, आणि ती स्पष्ट शब्दांत. पहिली काही वर्षे ९ व्होल्टच्या बॅटरीच्या पुढे जायचे नाही. २३० व्होल्टच्या घरगुती विजेशी, तसेच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार धरून ठेवणाऱ्या जुन्या टीव्हीशी, मुलांचा हात लागता कामा नये. एरियलची तार विजेच्या तारांपासून पूर्ण दूर असावी आणि वळवाचे ढग दाटण्याआधीच ती काढून ठेवावी. अर्थसाठी भिंतीतील प्लगचे भोक वापरू नये, आणि जुन्या पुस्तकांतील नळाला तार जोडण्याचा सल्ला आज प्लॅस्टिकच्या नळांमुळे निकामी झाला आहे. अंगणात किंवा मोठ्या कुंडीशेजारच्या ओल्या जमिनीत ठोकलेला तांब्याचा गज बरा. सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊच्या डब्याला हात लावायचा नाही.

बापलेकीने मिळून विद्युत उपकरणे घडवण्याचे भारतातील एक ठळक उदाहरण मद्रासचे आहे. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेल्या पप्पू सुब्बाराव यांची कन्या ए. ललिता यांचा जन्म २७ ऑगस्ट १९१९ चा. पंधराव्या वर्षी लग्न झाले आणि १९३७ मध्ये पती वारले तेव्हा त्यांची मुलगी चार महिन्यांची होती. विधवेच्या वाट्याला येणारे आयुष्य नाकारून त्यांनी शिकायचे ठरवले, आणि जेथे तोवर एकही विद्यार्थिनी नव्हती त्या महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळावा म्हणून वडिलांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला. १९४३ मध्ये त्या विद्युत अभियंता झाल्या; पदवीच्या छापील मजकुरातील पुल्लिंगी सर्वनाम खोडून तेथे स्त्रीलिंगी लिहावे लागले. जमालपूरच्या रेल्वे कारखान्यातील उमेदवारी आणि सिमल्याची नोकरी यांनंतर सुमारे नऊ महिने त्यांनी मद्रासला वडिलांच्या संशोधनात काम केले. जेलेक्ट्रोमोनियम नावाचे विजेवरचे वाद्य, विजेने ज्योत निर्माण करणारे साधन आणि बिनधुराच्या भट्ट्या ही त्या संशोधनातील उपकरणे. यांपैकी एकही वस्तू आज घराघरांत नाही, पण प्राध्यापक पित्याने अभियंता लेकीला नऊ महिने शेजारी बसवून संगीत, ज्योत आणि चूल यांवर एकत्र काम केले, ही गोष्ट त्या वस्तूंच्या यशापयशाहून मोठी वाटते. पैशाच्या गरजेपोटी त्या १९४८ मध्ये कोलकात्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये गेल्या. भाक्रा-नानगल धरणाच्या विद्युत जनित्रांच्या कामात त्यांचा सहभाग होता. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या स्त्री अभियंत्या व वैज्ञानिकांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या गेल्या, आणि १९६५ मध्ये लंडनच्या विमेन्स इंजिनीअरिंग सोसायटीच्या पूर्ण सदस्य झाल्या.

ही संस्था ललिता यांच्या जन्मवर्षीच, १९१९ मध्ये, स्थापन झाली होती, आणि तिच्या पहिल्या अध्यक्ष रेचल पार्सन्स यादेखील अशाच एका घरातल्या. त्यांचे वडील चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ मध्ये वाफेच्या टर्बाइनवर चालणारे विद्युत जनित्र बनवले, ज्या तत्त्वावर आजही औष्णिक वीजकेंद्रे चालतात, आणि आपल्या मुलांसाठी ते वाफेवर पळणारी खेळणीही तयार करीत. पहिल्या महायुद्धात भाऊ आघाडीवर गेल्यावर रेचल यांनी वडिलांच्या कारखान्यात संचालकपद सांभाळले. युद्ध संपल्यावर मात्र ती जागा त्यांच्याकडे राहिली नाही. घरच्या टेबलावर मिळालेली बरोबरी कारखान्याच्या दारात काढून घेतली गेली की काय होते याचे हे उदाहरण, आणि त्यानंतर लगेच उभी राहिलेली संस्था हे त्याला दिलेले उत्तर.

क्रिस्टल रेडिओनंतरची वाट ट्रान्झिस्टरचा एकेक टप्पा चढत पुढे जाते, आणि ज्यांना ऐकण्याबरोबर बोलण्याचीही ओढ लागते ते हौशी रेडिओकडे, म्हणजे 'हॅम'कडे, वळतात. येथेही घरी बांधण्याची परंपरा जिवंत आहे. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी आखलेला बिटएक्स हा संदेश पाठवणारा आणि घेणारा संच जगभरच्या हौशी लोकांनी बांधला, आणि त्याच्या मूळ आराखड्यात कॉइल गुंडाळण्यासाठी परदेशी गाभ्यांऐवजी नळात बसवायचे साधे वॉशर वापरलेले होते, जे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. ऐकण्याला परवाना लागत नाही, पण प्रक्षेपणाला लागतोच, आणि विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे. भारतात बारा वर्षांवरील व्यक्तीला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो. तिच्यात विद्युतशास्त्राचे मूलभूत ज्ञान आणि संदेशवहनाचे नियम विचारले जातात. परवाना घराच्या किंवा कुटुंबाच्या नावे निघत नाही. उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारे स्वतंत्र संकेतनाव मिळते, आणि हवेत बोलताना तेच सांगावे लागते. त्यामुळे वडिलांकडे परवाना असला तरी तो मुलीला पुरत नाही. तिला आपली परीक्षा आपणच द्यावी लागते, आणि ती उत्तीर्ण झाल्यावर एकाच गच्चीवरच्या एकाच एरियलखाली दोन केंद्रे नोंदली जातात, एक वडिलांचे आणि एक तिचे.